थिनरचा वास येईनासा झाला म्हणजे थिनर गेला असं नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सांगलीजवळ तुमचा फर्निचर पॉलिशचा गाळा आहे, चौदा बाय वीस फुटांचा, छत दहा फुटांवर. पुढे शटर, मागे एक खिडकी, दोन पोरं कामाला. थिनरचे डबे महाग पडतात म्हणून व्यापाऱ्याकडून दोनशे लिटरचा टोल्युइनचा, म्हणजे थिनरमध्ये असणाऱ्या एका लवकर उडणाऱ्या द्रवाचा, ड्रम घेतलात आणि आता एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर, मेलामाईन, पीयू (पॉलियुरेथेन), सगळ्यात तेच घालता. दिवसाला पाच-सहा लिटर जातं. संध्याकाळपर्यंत पोरांचं डोकं जड होतं, एकाला मळमळतं. तुम्ही काळे कोळशाचे मास्क आणून दिलेत. आता विचारताय की याहून चांगला मास्क कुठला, तासाभराने वास येईनासा होतो तेव्हा काळजी मिटली असं धरायचं का, आणि मित्र म्हणतो तसं एखादा लिटर बाईकच्या टाकीत ओतला तर गाडी पळेल का.

मास्कचं सांगेनच, पण त्याला जरा थांबा. रोज पाच-सहा लिटर द्रव तुमच्या गाळ्याच्या हवेत जातो आणि त्याला बाहेर पडायला धड वाट नाही, ही खरी अडचण आहे. पॉलिश ‘वाळलं’ म्हणतो तेव्हा लाकडावर राळ राहते आणि टोल्युइन सगळंच्या सगळं उडून गेलेलं असतं. पोरांचं डोकं, आगीचा धोका, पावसाळ्यात लॅकरवर येणारा पांढरेपणा, हे सगळं त्या वाफेचंच काम आहे. म्हणून टोल्युइनकडे ड्रममधला द्रव म्हणून न बघता वाफ म्हणून बघायला लागा.

मी केमिकल इंजिनिअर आहे. सुरुवातीची वर्षं रेझिन आणि रंगाच्या कारखान्यात गेली, नंतर कामाच्या जागेची हवा मोजणं आणि ती सुधारणं हेच काम झालं. तुमच्या गाळ्यातली हवा मी मोजलेली नाही. वारा कुठून येतो, फवारणी सलग होते की तुकड्या-तुकड्यात, ओला माल वाळायला आतच ठेवता की बाहेर, यावर आकडे बरेच हलतील. तरी हिशेबाची पद्धत तीच राहते.

तर हिशेब. एक लिटर टोल्युइन म्हणजे साधारण ८६७ ग्रॅम. ते सगळं उडालं की २५ अंश तापमानाला त्याची सुमारे २३० लिटर शुद्ध वाफ होते. तुमच्या गाळ्यात हवा आहे २,८०० घनफूट, म्हणजे ७९ घनमीटर, म्हणजेच ७९ हजार लिटर. शटर-खिडकी बंद ठेवून एक लिटर उडवलं तर हवेत टोल्युइनचं प्रमाण जवळपास २,९०० पीपीएम होतं, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत २,९०० भाग. आता या आकड्याशेजारी हे ठेवा: १९४८ च्या कारखाना कायद्याच्या परिशिष्टात आठ तासांच्या सरासरीची मर्यादा १०० पीपीएम दिलेली होती. अमेरिकेतल्या औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस पूर्वी ५० होती, ती पुढे २० वर आणली गेली. आणि ५०० पीपीएम ही पातळी अशी मानतात की तिथे साध्या मास्कवर विसंबून काम करायचंच नाही, बाहेर पडायचं.

अर्थात तुमचं शटर उघडं असतं, त्यामुळे रोज २,९०० होत असेल असं मी म्हणत नाही. पण तुम्ही एक नाही, पाच-सहा लिटर उडवता, आणि त्यातलं बरंचसं फवारणीच्या दोन-तीन तासांत. पोरांचं डोकं जड होतंय यात मला काहीच नवल वाटत नाही.

वास का जातो

टोल्युइनचा वास नाकाला फार लवकर कळतो, हवेत काही पीपीएम असलं तरी. तो गोडसर, थिनरवाला वास. पण तोच वास सतत येत राहिला की नाक त्याची दखल घेणं सोडून देतं. वाफ तेवढीच असते, किंबहुना वाढलेलीही असते, आपल्याला मात्र ‘आता बरं वाटतंय’ असं वाटतं. गाळ्यात नुकत्याच आलेल्या गिऱ्हाइकाने नाकाला रुमाल लावला आणि आतल्या पोरांना काहीच जाणवत नसेल, तर गिऱ्हाइकाच्या नाकावर भरवसा ठेवा. सकाळी आल्याआल्या वास येतो का, हे मात्र जरूर बघा. बंद गाळ्यात सकाळी भपकारा येत असेल तर रात्रभर कुठलं तरी झाकण उघडं आहे, किंवा चिंध्या, किंवा गन धुतलेला डबा.

पोरांच्या शरीरात काय होतं

टोल्युइन श्वासावाटे रक्तात जातं आणि चरबीत सहज विरघळत असल्यामुळे मेंदूपर्यंत लगेच पोचतं. डोकं जड होणं, गरगरणं, मळमळ, हात थोडे सुस्त होणं, चिडचिड, हे सगळं त्याचंच. बहुतेक भाग यकृत बदलून टाकतं आणि तो एका दिवसात लघवीवाटे निघून जातो, म्हणून रविवारी पोरं ठणठणीत असतात. सुट्टीच्या दिवशी बरं आणि कामावर आलं की पुन्हा तेच, असं चक्र दिसत असेल तर दुखणं कामाच्या जागेतलं आहे हे जवळपास पक्कं समजा.

काळजी वर्षानुवर्षांच्या श्वासाची आहे. लक्ष आणि स्मरणशक्ती मंदावणं, रंगांमधला बारीक फरक न कळणं, आणि एक गोष्ट जी आपल्याकडे कुणी बोलत नाही: ऐकू कमी येणं. टोल्युइन कानाच्या आतल्या पेशींना इजा करतं आणि जोडीला आवाज असेल तर नुकसान वाढतं. तुमच्या गाळ्यात कॉम्प्रेसर आणि सँडर दोन्ही आहेत. कॉम्प्रेसर भिंतीपलीकडे नेला तर आवाज जातो आणि ठिणगीचं एक कारणही जातं.

दोन सवयी आजच बंद करायला सांगा. एक, थिनरने हात धुणं. कातडीतला ओशटपणा निघून जातो, हात फाटतात, खाज सुटते. आधी गोडं तेल चोळून रंग सैल करायचा, मग साबण. दुसरी, काम संपल्या-संपल्या दारू. दारू आणि टोल्युइन शरीरातून निपटण्याचा रस्ता बराचसा एकच असल्याने टोल्युइन रक्तात जास्त वेळ रेंगाळतं. पोरं ऐकतील न ऐकतील, कारण सांगितलं की निदान विचार करतात.

कुणी बाई कामाला असेल आणि गरोदर असेल, तर तिला फवारणीच्या जवळपासही ठेवू नका.

डॉक्टरांकडे जाल तेव्हा ‘थिनरचं काम करतो’ हे सांगायला सांगा. लघवीत हिप्युरिक अॅसिड तपासून टोल्युइन किती गेलं ते बघण्याची जुनी पद्धत आहे, पण शीतपेयं, सॉस, लोणची यात टिकाऊपणासाठी घातलेल्या सोडियम बेंझोएटमुळेही ते वाढतं. कमी प्रमाणातला संपर्क बघायचा तर ऑर्थो-क्रेसॉलची तपासणी जास्त भरवशाची. एकदा कानांची तपासणी आणि साधा सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, करून ठेवलात तर पुढे तुलनेला उपयोगी पडेल.

सीबीसी का? टोल्युइनसाठी नाही, बेंझिनसाठी. शुद्ध टोल्युइनमुळे कर्करोग होतो असं म्हणायला पुरेसा पुरावा नाही, पण बेंझिन रक्ताच्या कर्करोगाला कारण ठरतं हे सिद्ध आहे, आणि हे दोघे भाऊबंद एकाच कुळातले. रिफायनरीतलं चांगलं टोल्युइन असेल तर त्यात बेंझिन नाममात्र असतं. पण बाजारात ‘रिकव्हर्ड’ मालही फिरतो. दुसऱ्या कारखान्यात एकदा वापरून गाळून घेतलेला, त्यात आणखी काय मिसळलंय ते ड्रमवर लिहिलेलं नसतं. तुम्हाला ड्रम ‘स्वस्तात’ मिळाला म्हणता, म्हणून विचारते: त्यासोबत विश्लेषणाचा दाखला आला का? त्यात बेंझिनचं प्रमाण वेगळं लिहिलेलं असायला हवं. नसेल तर व्यापाऱ्याकडे मागा. दाखला द्यायला खळखळ करणाऱ्याकडून मी ड्रम घेणार नाही.

हवेला वाट करून देणं

समजा तासाला एक लिटर उडतंय आणि हवेत ५० पीपीएमच्या खाली ठेवायचंय. त्यासाठी तासाला ४,६०० घनमीटर ताजी हवा लागते, म्हणजे तुमचा अख्खा गाळा तासात ५८ वेळा रिकामा करून भरायचा. २० पीपीएम हवं असेल तर ११,५०० घनमीटर. भिंतीत बसवलेला साधा बारा इंची एक्झॉस्ट हजार ते दीड हजारांच्या आसपास हवा ओढतो, तेही समोर काही अडथळा नसेल तर. शिवाय हवा कधीच सारखी मिसळत नाही. पंख्यासमोरची स्वच्छ होते, कोपऱ्यातली तशीच राहते.

म्हणून खोली हवेशीर करण्याच्या मागे न लागता वाफ जिथे निघते तिथेच पकडा. मागच्या खिडकीच्या भिंतीला लागून तीन बाजूंनी पत्रा लावून फवारणीचा बूथ करा, तोंड दोन मीटर बाय दोन मीटर. मागच्या भिंतीला फिल्टरची जाळी, तिच्यामागे पंखा. तोंडाशी हवा सेकंदाला अर्धा मीटर आत सरकली पाहिजे, त्याचा हिशेब तासाला ७,२०० घनमीटर होतो. एवढी हवा पुढून आत यायला शटर पुरेसं उघडं हवं, नाहीतर पंखा नुसता घुरघुरतो. वाफ बाहेर सोडायची नळी छपराच्या वर न्या. शेजारच्या गाळ्याच्या खिडकीत सोडलीत तर तुमचा त्रास त्यांच्या पदरी.

पोरगं आणि पंखा यांच्या मध्ये माल असला पाहिजे. हे इतकं साधं आहे, तरी गाळ्यागाळ्यांतून मी उलटंच बघते: पोरगं पंख्याकडे पाठ करून उभं, गन पंख्याच्या उलट दिशेला, आणि सगळी वाफ त्याच्या तोंडावरून पंख्याकडे जाते. पंख्याचा उपयोग होतोय की नाही ते बघायला टिश्यू पेपरची पातळ पट्टी दोऱ्याला बांधून माणसाच्या नाकाच्या उंचीवर धरा. पट्टी मालाकडे झुकली पाहिजे. ती लोंबकळत राहिली किंवा माणसाकडे वळली तर बूथ काम करत नाही. उदबत्तीचा धूर लावून बघायला कुणी सुचवलं तर गाळा पूर्ण रिकामा आणि वाफमुक्त असल्याशिवाय नको, हे सांगायला नको.

वाफ हवेच्या तिप्पट जड असते, त्यामुळे ती जमिनीलगत साचते. खाली बसून खुर्चीचे पाय रंगवणाऱ्याला सगळ्यात जास्त वाफ मिळते. माल टेबलावर, फिरत्या पाटावर घ्या. ओला माल वाळायला बूथच्या तोंडाशीच ठेवा, कारण वाळतानाही तेवढंच टोल्युइन उडतं. आणि डब्यांची झाकणं! दिवसभर उघडी राहिलेली एक बादली किती वाफ सोडते ते कुणी धरतच नाही. गन धुवायला झाकणाचा डबा, चिंध्यांना झाकणाची पत्र्याची पेटी.

आता मास्क. कोळशाचा तो काळा कापडी मास्क आणि एन-९५, दोन्ही वाफेला काही करत नाहीत. धूळ आणि फवाऱ्याचे थेंब थोडे अडवतात एवढंच. वाफेसाठी रबराचा अर्ध्या चेहऱ्याचा मास्क लागतो, दोन्ही बाजूंना सेंद्रिय वाफांची कार्ट्रिज असलेला. युरोपीय पद्धतीच्या कार्ट्रिजवर तपकिरी पट्टा असतो. पुढे थेंबांसाठी वेगळा फिल्टर लावायचा. दाढी असेल तर रबर चेहऱ्याला बसत नाही आणि सगळं वाया. कार्ट्रिजमधला कोळसा भरत जातो, तेव्हा ते किती तास वापरलं याची नोंद ठेवा आणि काम झालं की झिपच्या पिशवीत बंद करून ठेवा. गाळ्यात खुंटीला टांगून ठेवलेलं कार्ट्रिज रात्रभर फुकट वाफ शोषत बसतं. मास्कच्या आत वास आला की लगेच बदला.

पीयूच्या बाबतीत मात्र एवढ्यावर भागत नाही. त्याच्या हार्डनरमध्ये, म्हणजे पॉलिश कडक करायला मिसळतात त्या भागात, आयसोसायनेट नावाचं रसायन असतं. ते धोक्याच्या पातळीला वासाने कळत नाही आणि एकदा त्याचा दमा लागला की पुढे अगदी थोड्यानेही झटका येतो. पीयू बूथशिवाय फवारूच नका, आणि काम मोठं असेल तर बाहेरून नळीने स्वच्छ हवा देणारा मास्क घ्या. तुमच्या पोरांपैकी कुणाला पीयूच्या दिवशीच खोकला किंवा छातीत घरघर होते का, हे विचारा. होत असेल तर त्याला त्या कामावरून आजच काढा.

ड्रमची मला जास्त धास्ती आहे

टोल्युइनचा ज्वलनबिंदू सुमारे ४ अंश सेल्सिअस आहे. म्हणजे सांगलीत वर्षातल्या कुठल्याही दिवशी, कुठल्याही तासाला, उघड्या टोल्युइनवर पेट घेण्याजोगी वाफ असते. हवेत १.१ ते ७.१ टक्के वाफ असली की ती पेटते. आता हे बघा: २५ अंशाला बंद ड्रममध्ये द्रवाच्या वरच्या पोकळीत वाफेचं प्रमाण साधारण पावणेचार टक्के असतं, बरोब्बर त्या पट्ट्याच्या मधोमध. पेट्रोलच्या टाकीत वरची हवा सहसा वाफेने इतकी गच्च असते की आत पेट घेत नाही. टोल्युइनच्या ड्रमला हे संरक्षण नाही. तुमचा अर्धा रिकामा झालेला ड्रम भरलेल्याहून जास्त धोक्याचा आहे, आणि पूर्ण ‘रिकामा’ ड्रम तर गॅसकटर किंवा ग्राइंडरने कधीही कापू नये. पाण्याची टाकी करायला म्हणून असे ड्रम कापताना माणसं गेली आहेत.

तुमच्या संपूर्ण गाळ्याच्या हवेला १.१ टक्क्यावर न्यायला पावणेचार लिटर टोल्युइन पुरतं. जमिनीलगत तर त्याहून कितीतरी कमी. एक बादली लवंडली की झालं.

ठिणगी कुठून येते? स्विच, कॉम्प्रेसरची मोटार, पंख्याची मोटार, मोबाईलचा चार्जर, शेजारच्या गाळ्यातलं वेल्डिंग. बूथच्या पंख्याची मोटार हवेच्या वाटेत असता कामा नये. पट्ट्यावर चालणारा, मोटार बाहेर ठेवलेला पंखा घ्या, नाहीतर फ्लेमप्रूफ मोटारीचा. पण जी ठिणगी कुणी धरत नाही ती ओतण्याची. टोल्युइनमधून वीज जवळजवळ वाहतच नाही, त्यामुळे ते नळीतून वाहताना, उंचावरून पडताना स्थिर विद्युत साठत जाते. थंडीतल्या एका कोरड्या सकाळी एका कारखान्यात बघितलं होतं: ड्रम कलता करून प्लास्टिकच्या नरसाळ्यातून प्लास्टिकच्या बादलीत टोल्युइन ओतणं चाललं होतं, धार फेसाळत पडत होती. बादलीच्या कडेशी हात नेला तर मनगटावरचे केस ताठ उभे राहिले. तिथेच ओतणं थांबवलं. टोल्युइनची वाफ पेटायला पाव मिलिज्यूलइतकी ऊर्जा पुरते. आपल्या बोटाला टिचकीसारखी जाणवते त्या ठिणगीत याच्या कितीतरी पट ऊर्जा असते.

म्हणून ओतायचं ते धातूच्या भांड्यातच. ड्रमला तांब्याच्या तारेने अर्थिंग, आणि ड्रमपासून भांड्यापर्यंत दुसरी तार, दोन्हींचे चिमटे रंग खरवडलेल्या चकचकीत पत्र्यावर. आधी तार जोडायची, मग झाकण उघडायचं. ओतून झालं की आधी झाकण, मग तार. नळी भांड्याच्या तळापर्यंत न्यायची, धार हळू ठेवायची.

आग लागलीच तर पाणी मारू नका. टोल्युइन पाण्यापेक्षा हलकं, ते पाण्यावर तरंगत जळत पुढे सरकतं. फोम किंवा ड्राय पावडरचा सिलिंडर दाराजवळ हवा, बूथच्या मागे नव्हे. आणि एनसी लॅकरची वाळलेली भुकटी फिल्टरवर, जमिनीवर साचते ती नायट्रोसेल्युलोजचीच असते, भडका घेते. ती लोखंडी पत्तीने खरवडू नका. ओली करून लाकडी किंवा पितळी पत्तीने काढा आणि पाण्यात बुडवून बाहेर न्या.

कायद्याचंही सांगून टाकते. टोल्युइन द्रव हायड्रोकार्बन असल्यामुळे १९३४ चा पेट्रोलियम कायदा त्याला लागू होतो, आणि ज्वलनबिंदू २३ अंशांच्या खाली असल्याने ते ‘अ’ वर्गात मोडतं. परवान्याशिवाय एका जागी ‘अ’ वर्गाचा माल जास्तीत जास्त ३० लिटर ठेवता येतो, तोही विक्रीसाठी नसेल तर, आणि धातूचं घट्ट झाकणाचं भांडं २५ लिटरपेक्षा मोठं नको. प्लास्टिकचं कॅन यात बसत नाही. तुमचा दोनशे लिटरचा ड्रम परवान्याशिवाय बेकायदा आहे. परवाने देणाऱ्या ‘पेसो’ या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे. पण तुमच्या कामाला परवान्याच्या मागे लागण्यापेक्षा एका वेळी वीस लिटरचा एकच पत्र्याचा डबा आणणं सोपं. काही घडलं तर विमा कंपनी पहिला प्रश्न साठ्याचाच विचारते.

आणि मुळात नुसतं टोल्युइन लॅकरला चालत नाही

ड्रम घेण्यामागचा तुमचा हेतू पैसे वाचवण्याचा होता, म्हणून हे ऐका. टोल्युइन नायट्रोसेल्युलोज स्वतः विरघळवत नाही. ते काम अॅसिटेटं आणि कीटोन करतात, अल्कोहोल त्यांना मदत करतं. टोल्युइन नुसतं पातळ करतं आणि भाव खाली आणतं. एनसी थिनरमध्ये या सगळ्यांचं प्रमाण बांधलेलं असतं. वरून टोल्युइनच ओतत गेलात की नायट्रोसेल्युलोज द्रावणातून बाहेर पडू लागतं, फवाऱ्यातून कापसासारखे तंतू येतात, फिल्म दुधाळ आणि ठिसूळ होते. तुम्ही लिहिलंय की पावसाळ्यात लॅकर पांढरं पडतं. त्याला दुसरं कारणही आहे: टोल्युइन ब्युटाइल अॅसिटेटच्या दुप्पट वेगाने उडतं, उडताना पृष्ठभाग थंड करतं, आणि दमट हवेतलं पाणी त्यावर दव होऊन बसतं. पावसाळ्यात सावकाश उडणारा रिटार्डर थोडा घालायचा असतो. पीयूला तर त्याच कंपनीचं थिनर घ्या. साध्या टोल्युइनमध्ये किंवा रिकव्हर्ड मालात पाणी, अल्कोहोल असेल तर हार्डनरची प्रक्रिया आधी त्याच्याशीच होते, मग बुडबुडे येतात आणि फिल्म कडक होत नाही. माल परत आला की ड्रममध्ये वाचवलेले पैसे कुठे जातात ते तुम्हीच बघितलं असेल.

जिथे जमेल तिथे पाण्यावरचं पॉलिश वापरून बघा, निदान आतल्या बाजूंना आणि कप्प्यांना. सावकाश वाळतं आणि महाग आहे, हे खरं. लाखेचं स्पिरिट पॉलिशही चांगलं. पेट तेही घेतं, पण टोल्युइनचा श्वास टळतो.

बाईकचं

पेट्रोलमध्ये टोल्युइन आधीपासून असतंच. रिफायनरीत नॅफ्थ्यावर रिफॉर्मिंग करतात तेव्हा टोल्युइन, झायलिन वगैरे तयार होतात आणि त्यांनीच पेट्रोलचा ऑक्टेन वाढतो. टोल्युइनचा स्वतःचा ऑक्टेन १२० च्या घरात. १९८८ च्या फॉर्म्युला वन मोसमात होंडाच्या टर्बो इंजिनात ८४ टक्के टोल्युइन आणि १६ टक्के हेप्टेन असं इंधन होतं, आणि ते इंजिन लावलेल्या मॅक्लारेनने सोळापैकी पंधरा शर्यती मारल्या. तुमच्या मित्राने बहुधा हेच कुठेतरी वाचलंय. पण त्या इंजिनात हवा दाबून भरत होते, म्हणून ठोका न येऊ देणारं इंधन हवं होतं, आणि टोल्युइन सावकाश उडतं म्हणून ते इंधन गरम करून द्यावं लागत होतं. ऑक्टेन म्हणजे जोर नव्हे, वेळेआधी पेट न घेण्याची ताकद. तुमची बाईक नेहमीच्या पेट्रोलवर ठोकत नसेल तर ऑक्टेन वाढवून तिला काहीच मिळत नाही. उलट ११० अंशांना उकळणारं टोल्युइन थंडीत सकाळी चालू व्हायला त्रास देतं, काजळी वाढवतं, जुन्या रबरी नळ्या फुगवतं. बीएस-६ पेट्रोलमध्ये असे सगळे अरोमॅटिक घटक मिळून ३५ टक्क्यांच्या आत आणि बेंझिन १ टक्क्याच्या आत ठेवण्याचं बंधन आहे. तुमच्या ड्रममधल्या मालाचं बेंझिन किती ते तर तुम्हालाच माहीत नाही. शिवाय सॉल्व्हंट गाड्यांमध्ये जाऊ नये म्हणून २००० सालचा वेगळा आदेश आहे, जीवनावश्यक वस्तू कायद्याखालचा. टाकीत ओतू नका.

तुमच्या जागी मी असते तर या आठवड्यात एवढं केलं असतं: ड्रम व्यापाऱ्याला परत, वीस लिटरचा एकच डबा गाळ्याच्या बाहेर सावलीत कुलपात, झाकणांची शिस्त, अर्थिंगची तार, कॉम्प्रेसर बाहेर. यात खर्च फारसा नाही. बूथला महिना-दोन महिने लागतील; तोवर फवारणी शटरच्या तोंडाशी, वाऱ्याकडे पाठ करून, कार्ट्रिजचा मास्क लावून. पीयूची कामं तोवर घेऊ नका.

मला तीन गोष्टी कळवा: मागची खिडकी किती मोठी आहे आणि तिच्या पलीकडे काय आहे, पीयूच्या हार्डनरच्या डब्यावर काय लिहिलंय, आणि दुपारी वारा शटरकडून आत येतो की खिडकीकडून. त्यावरून बूथ कुठल्या भिंतीला आणि पंखा केवढा ते नक्की सांगता येईल.